शर्यतीच्या शर्ती

मराठीतला 'शर्यत' हा शब्द 'शर्त' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, आणि हे नाते केवळ उच्चाराचे नाही. जत्रेतले बैलगाडे असोत की खाडीतल्या होड्या, जिथे म्हणून शर्यत लागते तिथे धावणे मागाहून येते; आधी गावातली चार जाणती माणसे एकत्र बसून शर्ती ठरवतात. आरंभ कोठून, शेवट कोठे, पात्र कोण, मुदत किती, इनाम कोणाला, हे ठरल्याखेरीज कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही. प्रेक्षकाची दृष्टी धावणाऱ्याच्या पायांवर खिळते हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याला शर्यतीचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने पायांकडे थोडे कमी आणि त्या जाबत्याकडे थोडे अधिक पाहिले पाहिजे. कारण आज अनेक शहरांत वृद्ध, लहान मुले, अंध, एका पायाने चालणारे आणि चाकाच्या खुर्चीतून येणारे असे सर्व लोक एकाच सकाळी एकाच रस्त्यावर धावताना दिसतात, तो चमत्कार कोणाच्या पायांत अकस्मात बळ आल्यामुळे घडलेला नाही. पायांत बळ पूर्वीही होते. गेल्या साठ वर्षांत बदलल्या त्या शर्ती, आणि त्याही एकेक करून, पुष्कळ वाद घालून, काही वेळा न्यायालयाची पायरी चढून.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बॉस्टन येथून करणे सोयीचे आहे, कारण दरवर्षी भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यतींत तिथली शर्यत सर्वांत जुनी. १९ एप्रिल १८९७ रोजी ती प्रथम झाली तेव्हा केवळ पंधरा माणसे आरंभरेषेवर उभी होती आणि त्यांपैकी दहांनी ती पुरी केली. सगळे पुरुष, सगळे धडधाकट. याविषयी कोणी वेगळा नियम लिहून ठेवण्याची आवश्यकताही त्या काळी कोणास वाटली नसेल, कारण जे सर्वांनाच गृहीत असते ते कागदावर उतरवण्याचे श्रम कोणी घेत नाही. मनाई लेखी होते ती कोणी दार ठोठावल्यावर. १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी आरंभस्थानाजवळच्या झुडपांत लपून राहिली, पुरुषांचा लोंढा निघाल्यावर त्यात मिसळली आणि तीन तास एकवीस मिनिटांत अंतर पार करून आली. पुढील वर्षी कॅथरिन स्विट्झर यांनी नावाची केवळ आद्याक्षरे देऊन २६१ हा क्रमांक मिळवला, तेव्हा भररस्त्यात एका अधिकाऱ्याने त्यांच्या अंगावरचा तो क्रमांक ओरबाडण्याचा यत्न केला. त्या झटापटीचे छायाचित्र जगभर गेले. स्त्रियांना रीतसर परवानगी मिळाली ती १९७२ साली, आणि त्या वर्षी निघालेल्या आठही जणींनी शर्यत पुरी केली.

स्त्रियांचा प्रश्न अशा रीतीने मार्गी लागत असतानाच कारभाऱ्यांनी दुसरी एक शर्त घातली होती, आणि माझ्या मते तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. १९७० पासून बॉस्टनला प्रवेश हवा असल्यास चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करण्याची आपली तयारी आहे असा भरवसा धावकाने द्यावा लागे, आणि पुढच्याच वर्षी ही मुदत साडेतीन तासांवर आली. गर्दी वाढत होती, तिला आवर घालणे प्राप्त होते, हे कारभाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु घड्याळाला एकदा द्वारपाल नेमले की तो माणसाची चौकशी करीत नाही. कोण का सावकाश आहे, कोणाचा पाय कोठे गेला, कोण कोणाला सोबत घेऊन येत आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसऱ्या बाजूने पाहता तोच घड्याळाचा न्याय कधीकधी हक्काचे हत्यारही होतो. १९७५ साली बॉब हॉल यांनी, ज्यांना बालपणी पोलिओ झाला होता, चाकाच्या खुर्चीतून धावण्याची परवानगी मागितली तेव्हा शर्यतीचे संचालक विल क्लोनी यांनी उत्तर दिले की तीन तासांच्या आत आलात तर इतर धावकांना मिळतो तसाच दाखला तुम्हालाही देऊ. हॉल दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत आले. त्यांना दाखला मिळाला, आणि त्या दाखल्याच्या मागोमाग चाकाच्या खुर्च्यांची रीतसर स्पर्धा बॉस्टनच्या रस्त्यावर आली.

सर्वांना मात्र अशी सरळ बोली लाभली नाही. डिक हॉयट आणि त्यांचा मुलगा रिक यांची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. रिकला जन्मतःच मेंदूचा पक्षाघात झालेला, हातपाय चालत नाहीत, वाचा नाही. टफ्ट्स विद्यापीठातील अभियंत्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र सिद्ध केले आणि मग तो डोक्याच्या हालचालीने अक्षरे निवडून बोलू लागला. १९७७ साली अर्धांगाने खिळलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती, तीत आपणही जावे असे त्याने वडिलांना सांगितले, आणि तोवर धावण्याशी फारसा संबंध नसलेले वडील त्याची खुर्ची ढकलत पाच मैल धावले. घरी आल्यावर मुलाने यंत्रावर जे सांगितले त्याचा आशय असा की धावत असताना आपण अपंग आहोत असे आपल्याला वाटतच नाही. पुढे या जोडीने बॉस्टनला अधिकृत प्रवेश मागितला, तेव्हा पात्रतेची मुदत लावण्यात आली ती ढकलणाऱ्या बापाच्या वयाची नव्हे, तर खुर्चीत बसलेल्या मुलाच्या वयाची, म्हणजे अधिक कठीण असलेली, दोन तास पन्नास मिनिटांची. चाळिशी उलटलेल्या माणसाने मुलाला पुढे घालून ही मुदत पाळावी, ही शर्त घालणाऱ्याच्या मनात काय होते हे आपण तर्कानेच जाणायचे. १९८२ साली वॉशिंग्टनच्या मरीन कोर मॅरेथॉनमध्ये त्या दोघांनी दोन तास पंचेचाळीस मिनिटांत अंतर कापले, आणि बॉस्टनचे दार उघडले. पुढे ते दोघे २०१४ पर्यंत तिथे धावले; आज त्या शर्यतीच्या आरंभस्थानी, हॉपकिन्टन गावात, बापलेकाचा पुतळा उभा आहे.

न्यूयॉर्कची हकीकत याहून गुंतागुंतीची. तिथली मॅरेथॉन १९७० साली सेंट्रल पार्कच्या आत फेऱ्या घालून सुरू झाली आणि १९७६ मध्ये शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली. त्याच १९७६ च्या शर्यतीत डिक ट्रॉम हे, ज्यांचा उजवा पाय एका अपघातानंतर गुडघ्याच्या वर कापावा लागला होता, कृत्रिम पायाने धावले आणि सात तास चोवीस मिनिटांनी शेवटच्या रेषेवर पोचले. चाकाच्या खुर्च्यांना मात्र त्या शहरातील कारभाऱ्यांचा दीर्घ काळ विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेले, आणि खुर्च्यांचा स्वतंत्र अधिकृत विभाग निघण्यास २००० साल उजाडले. ट्रॉम यांनी १९८३ मध्ये अकिलीस नावाचे मंडळ स्थापन करून अपंगांना धावण्याची तालीम देण्याचे कार्य आरंभिले. अंध धावक आणि त्याचा डोळस सोबती यांनी एकाच छोट्या दोरीची दोन टोके हातात धरून धावायचे, सावकाश जाणाऱ्यांनी इतरांच्या आधी निघायचे, असल्या लहानलहान युक्त्या रस्त्यावर रुळल्या त्यांत या मंडळाचा वाटा मोठा आहे. दोरी हातभर लांबीची, परंतु तिच्यामुळे अंध माणूस कोणाच्या खांद्यावर भार न टाकता आपल्या पायांनी, आपल्या गतीने धावतो.

ट्रॉम यांच्या त्या सात तासांच्या धावेची बातमी एका मासिकात छापून आली होती, आणि तो अंक १९७७ च्या मार्च महिन्यात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका रुग्णालयात, अठरा वर्षांच्या एका मुलाच्या हाती पडला. टेरी फॉक्स त्याचे नाव. उजव्या गुडघ्यात अस्थींचा कर्करोग झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याचा पाय कापला जाणार होता, आणि त्याच्या शाळेतल्या बास्केटबॉलच्या शिक्षकाने तो लेख आदल्या रात्री त्याला आणून दिला होता. एक पाय गेलेला माणूस मॅरेथॉन धावू शकतो ही गोष्ट पाय जाण्यापूर्वीच कळणे, याला मी त्या मुलाच्या आयुष्यातला मोठा योग मानतो. पुढचे काही महिने उपचारांत गेले. आपल्याहून लहान मुले त्या वॉर्डात तडफडताना त्याने पाहिली. आपण वाचण्याचा संभव निम्मा असून दोनच वर्षांपूर्वी तो शंभरात पंधराच्या आसपास होता, आणि मधला हा फरक संशोधनाने घडवला, हेही त्याला वैद्यांकडून कळले. संशोधनाला पैसा लागतो. तो जमवण्यासाठी आपण सबंध कॅनडा देश पायी धावत ओलांडायचा, असे त्याने मनाशी ठरवले आणि वर्षाहून अधिक काळ त्याची वाच्यता केली नाही.

१९७९ च्या सप्टेंबरात प्रिन्स जॉर्ज या गावी एक शर्यत होती, सुमारे सतरा मैलांची. टेरी तीत धावला आणि शेवटचा आला. त्याच्या आधीचा, म्हणजे शेवटून दुसरा धावक पोचून दहा मिनिटे होऊन गेली होती. तरीही इतर स्पर्धक आणि प्रेक्षक वाट पाहत थांबले होते, आणि तो आला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे जे घडले त्याचे बीज मला या दहा मिनिटांत दिसते. त्या दिवशी शर्यतीचा मांडव आवरला गेला असता, रेषेवरचा माणूस घड्याळ खिशात घालून घरी निघून गेला असता, तर त्यात कोणताही नियमभंग झाला नसता.

महिन्याभराने टेरीने कॅनडाच्या कर्करोग संस्थेला पत्र लिहिले. संस्थेला भरवसा नव्हता; हृदयाच्या वैद्याचा दाखला आणा आणि आधी आश्रयदाते मिळवा, मग पाठिंबा देऊ, असे तिचे उत्तर आले. त्याने दोन्ही गोष्टी केल्या. मोटारगाडी एका कंपनीने दिली, इंधन दुसरीने, बूट तिसरीने. परंतु आपल्या मालाची जाहिरात करण्याची अट जिने घातली तिला त्याने परत पाठवले, कारण या धावेतून कोणाचाही नफा होऊ नये अशी उलट शर्त त्याने स्वतः घातली होती. इतका वेळ आपण कारभाऱ्यांच्या शर्ती पाहिल्या. इथे एक एकवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्याकडे ना पद होते ना पैसा, आपल्या शर्तींवर जगाशी व्यवहार करताना दिसतो.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे तोंड करून धावू लागला. मागून गाडीत त्याचा मित्र डग अल्वर्ड. रोजचे अंतर एका मॅरेथॉनएवढे, सुमारे बेचाळीस किलोमीटर. त्या काळच्या कृत्रिम पायाची कमान एका पावलानंतर पूर्ववत होण्यास क्षणभर लागे, म्हणून तो चांगल्या पायावर एक जादा उडी घेई, आणि ते एक पाऊल, दोन उड्या असे लंगडीसारखे धावणे नंतर साऱ्या देशाच्या ओळखीचे झाले. आरंभी हिम, पाऊस आणि समोरचा वारा यांखेरीज स्वागताला कोणी नव्हते. पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने मात्र दहा हजार डॉलर काढून दिले, माणशी एक डॉलर, आणि पुढे सबंध देशाकडे मागण्याचा आकडा टेरीला जणू तिथेच सापडला. क्वेबेकमध्ये भाषेची अडचण झाली, वाहनांनी त्याला वारंवार रस्त्याखाली ढकलले. ऑन्टारियोत शिरल्यावर चित्र पालटले; टोरोंटोच्या नगरभवनासमोरील चौकात दहा हजार लोक जमले. १ सप्टेंबर रोजी, धावेच्या एकशे त्रेचाळिसाव्या दिवशी, ५,३७३ किलोमीटर अंतर पार झाल्यावर, थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतल्या कळा यांनी त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला असताना, टेरी गेला. दर कॅनडावासीयामागे एक डॉलर हे त्याचे मागणे तो जिवंत असतानाच, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पुरे झाले होते. दोन कोटी एकेचाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. टेरी रुग्णालयात असताना इसाडोर शार्प या उद्योजकाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा कर्करोगाने गेला होता, त्याला तार करून कळवले की तुझ्या नावे दरवर्षी धाव भरवू. टेरी राजी झाला, पण त्याने आपल्या शर्ती घातल्या, आणि शर्यतींच्या इतिहासात असा जाबता दुसरा मला ठाऊक नाही. या धावेत कोणी जिंकणार नाही, कोणी हरणार नाही. इनाम नाही. कोणी धावो, कोणी चालो, कोणी सायकलवर येवो, कोणी चाकाच्या खुर्चीत येवो. प्रवेशाला ठराविक शुल्क नाही, ज्याला जे देववेल ते त्याने द्यावे. धावेवर कोणा कंपनीची जाहिरात नाही. १३ सप्टेंबर १९८१ रोजी ही धाव कॅनडाभर प्रथम झाली तेव्हा तीन लाख माणसे आली आणि पस्तीस लाख डॉलर जमले. शर्यतीतून स्पर्धा वजा केल्यास मागे काय उरेल, अशी शंका ज्यांना येत असेल त्यांनी हा आकडा पाहावा. पुढे ही धाव अनेक देशांत पसरली. आपल्या मुंबईतही ती भरली, आणि परदेशांत जमणारा पैसा त्या त्या देशातील कर्करोग-संशोधनासाठीच राहावा असा तिचा दस्तूर आहे.

तेवीस वर्षांनी इंग्लंडात याच्याशी मिळतेजुळते एक कार्य अगदी निराळ्या मार्गाने उभे राहिले. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या टेडिंग्टन भागातील बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी पाच किलोमीटरची एक धाव योजली. स्वतः दुखापतीमुळे ते धावू शकत नव्हते, परंतु धावणाऱ्या मित्रांची गाठ पडावी एवढाच हेतू. तेरा जण धावले. क्रमांकांसाठी लोखंडी सामानाच्या दुकानातील वॉशरांवर आकडे उमटवून ते रेषेवर वाटले जात. शनिवारी सकाळी, विनामूल्य, कोणालाही, हा शिरस्ता पुढे पार्करन या नावाने वीसहून अधिक देशांत गेला. त्याच्या अनेक नियमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक. प्रत्येक धावेत सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो आणि रेषा तोच सर्वांत शेवटी ओलांडतो. म्हणजे जो कोणी सर्वांत सावकाश येईल, तो आजारातून उठलेला असो की ऐंशी वर्षांचा असो, तो शेवटचा कधीच ठरत नाही. प्रिन्स जॉर्जच्या लोकांनी उत्स्फूर्तपणे जी दहा मिनिटे दिली होती त्यांचा इथे रीतसर बंदोबस्त झालेला आहे.

महाराष्ट्राने या सर्वांकडे परक्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आषाढीच्या वाटेवर जे गेले आहेत त्यांनी वेळापूरच्या अलीकडचा 'धावा' पाहिला असेल. त्या टेकाडावरून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा. म्हणून तिथे पोचल्यावर दिंड्यांतले वारकरी उतारावरून धावतात. पखवाज गळ्यात घेतलेला तरुण धावतो, डोईवर तुळस घेतलेली म्हातारी धावते, जिला धावणे होत नाही ती भरभर चालते, आणि त्यात पहिला कोण आला याची कोणत्याही फडाच्या दप्तरी नोंद नसते. जिंकणाऱ्याविना धावणे ही कल्पना आपल्याला कॅनडाहून आणावी लागत नाही. मात्र येथे एक कबुली देणे अवश्य आहे. पायांनी अधू माणसाला त्या उतारावरून कसे आणावे याची वहिवाट त्या श्रद्धेने घालून दिलेली नाही. जे काही होते ते सोबतच्या माणसांच्या मायेने होते. माया अपुरी पडते असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला दरवर्षी कोणाच्या तरी मायेची वाट पाहावी लागते त्याची अडचण बॉस्टनच्या त्या दाखल्याने जितकी सुटली तितकी मायेने सुटत नाही.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्यात दीर्घ शर्यतीबरोबरच हौशी लोकांची धाव, ज्येष्ठ नागरिकांची धाव आणि अपंगांची धाव असे निरनिराळे विभाग झाले. जानेवारीतल्या त्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरचा रस्ता खुर्च्या, कुबड्या आणि हात धरून चालणारी मुले यांनी भरून जातो, आणि हे दृश्य ज्याने पाहिले त्याच्या मनात या शहराविषयीचा आदर वाढल्यावाचून राहत नाही. तरीही वेगळा विभाग, वेगळी वेळ आणि थोडके अंतर हा मुक्कामाचा टप्पा आहे, प्रवासाचा शेवट नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉब हॉल यांनी वेगळा रस्ता मागितला नव्हता. त्यांनी तोच रस्ता मागितला, तेच घड्याळ मागितले, आणि दाखलाही तोच. ज्याला थोडे अंतर झेपते त्याला थोडे अंतर अवश्य असावे. ज्याला पूर्ण झेपते त्याला केवळ खुर्चीमुळे थोडक्यात आटोपावे लागू नये.

आज तालुक्याच्या गावांतही धावांची हौस पोचली आहे, आणि अनेक मंडळे दर हिवाळ्यात पत्रके काढतात. त्या पत्रकांवर बहुधा अंतर असते, शुल्क असते, इनामांची रक्कम ठळक अक्षरांत असते आणि तळाशी मार्ग कोणत्या वेळी बंद होईल ते असते. येत्या हंगामात जे कोणी आपल्या गावी धाव भरवणार असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी पत्रक छापखान्यात धाडण्यापूर्वी त्यात आणखी एक ओळ घालावी, आणि सर्वांत मागून येणाऱ्या माणसाबरोबर रेषेपर्यंत कोण चालणार आहे, त्याचे नाव तीत लिहावे.